खवचट माणसाची संक्रांत

काल कुसुमवहिनींचा निरोप आला. त्यांच्या मुलाचं बोरन्हाण करायचं आहे आणि त्याला हलव्याचे दागिने हवे आहेत. जयपुरात ते करणारं आता कोणी उरलं नाही, पण तू काकूंच्या हाताखाली होतीस, तुला जमेल, असं त्यांनी सांगून पाठवलं. निरोप आणणाऱ्या भैयाला मी 'ठीक है' म्हटलं आणि तो गेल्यावर उगीचच दारात उभी राहिले.

थंडी पडली आहे. इथली थंडी कोरडी. ओठ फुटतात, केस विंचरताना कंगव्याला चिकटून वर येतात, स्वेटर काढताना अंगाशी चट्‌चट्‌ आवाज होतो. रस्त्याच्या कडेला खांबांना दोरा गुंडाळून त्यावर गुलाबी मांजा चढवणारे लोक बसले आहेत. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात. हलवायांच्या दुकानांत पांढऱ्या फिणीचे ढीग लागले आहेत. दुपारी मी शाळेतून शिकवून परत येते तेव्हा गच्च्यांवरून 'वो काटा' अशी आरोळी उठते आणि एखादा सुटलेला पतंग कोणाचाच नसल्यासारखा हळूहळू खाली येत राहतो.

आमच्या घरात मात्र तीळ भाजल्याचा वास आहे. आणि त्या वासाबरोबर, गेली दोन वर्षं, मला एक शब्द आठवतो. खवचट.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आईच्या तोंडून. बाबांची बदली होऊन आम्ही जयपूरच्या बनी पार्कात राहायला आलो होतो. शेजारी मराठी कुटुंब आहे म्हटल्यावर आई इतकी हरखली की सामान अर्धं खोक्यांत असतानाच तिकडे चहाला जाऊन आली. परत आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "बाई चांगल्या आहेत गं. पण खवचट आहेत. जपून बोल."

मला जपून बोलायला सांगण्याची गरज नव्हती. मी बोलतच नसे. बाबांच्या बदल्यांच्या गावांत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त आईबाबांशी, तीही जेवणखाणापुरती. मे महिन्यात सांगलीला गेलं की माझी मावसभावंडं मला मुद्दाम बोलायला लावत आणि मी 'मतलब' म्हटलं की हसून लोळत. तेव्हापासून मी 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांत मराठी भागवायला शिकले होते. कोणी फार आग्रह केला तर हसत असे. हसण्याला व्याकरण लागत नाही.

तर खवचट. या शब्दाचा अर्थ मी आईला विचारला नाही. आमच्या इंग्रजीच्या सिस्टरनी बोचऱ्या बोलण्यासाठी आम्हाला कितीतरी शब्द शिकवले होते, चढत्या क्रमाने, आंबट, कडू, जळजळीत असे. त्यांतला एकही इथे बसेना. मराठीतलेही मी मनात लावून पाहिले. टोमणा, टोचणी, कुजकट, तिरकस. पण खवचट म्हटलं की मला खवणीच ऐकू यायची. नारळाची अर्धी वाटी तिच्यावर फिरताना होणारा तो खरखरीत आवाज, आणि खाली ताटात पडत जाणारं पांढरंशुभ्र खोबरं. शब्दात काहीतरी धारदार होतं हे खरं. पण त्यातून खायला काहीतरी मिळणार होतं असंही वाटे.

त्या शेजारच्या बाई म्हणजे काकू. वर्ध्याच्या. उंच, सडपातळ, आणि नाक असं की माणूस पोचायच्या आधी ते पोचावं. त्या स्वतःच सांगायच्या की माझं लग्न नाक पाहून ठरलं नाही, नाकाकडे न पाहता ठरलं. त्यांचे यजमान, नानाकाका, विम्याच्या कचेरीत होते. अतिशय सज्जन आणि अतिशय सावकाश. ते एखादी गोष्ट सांगायला लागले की काकू उठून शेगडी पेटवायच्या. म्हणायच्या, यांचं वाक्य पुरं होईपर्यंत चहा होतो. नानाकाका यावर मान डोलावून हसायचे आणि वाक्य आणखी थोडं लांबवायचे. मला फार पुढे कळलं की ते मुद्दाम लांबवायचे.

एका बाईंचा पाणचट चहा पिऊन काकू त्यांना म्हणाल्या होत्या की चहा छान आहे, गरम पाणी कोणत्या दुकानातून आणता. दुसऱ्या एक बाई नव्या साडीचं वर्णन महिनाभर करत होत्या. ती नेसून त्या आल्या तेव्हा काकूंनी पदराचा पोत बोटांनी पाहिला आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. नेसून आलात ते बरं केलं नं, नाहीतर आमच्या कानांनाच ती नेसायची सवय झाली होती." ही वाक्यं आमच्या त्या लहानशा मराठी घोळक्यात घरोघर फिरत. कचेऱ्यांतले, बँकेतले, छावणीतले असे मोजके लोक आम्ही. एकमेकांशिवाय आम्हाला कोणी नव्हतं आणि त्यामुळे एकमेकांचं बोलणं सगळ्यांना फार लागायचं.

माझ्यावर काकूंची पहिली नजर पडली ती मी त्यांच्या अंगणाच्या कडेने कॉलेजला जात असताना. हातात जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी विचारलं, "काय वाचून राहिलीस?" मी पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांच्याकडे केलं, कारण नाव सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "देवानं तोंड दिलंय ते फक्त दात घासायला का?"

मी घरी येऊन आरशापुढे उभी राहिले. राग यायला हवा होता. पण सांगलीचं हसणं आणि हे बोलणं यांत काहीतरी फरक होता आणि तो मला नीट पकडता येत नव्हता. सांगलीला मी गप्प झाले की सगळे खूश व्हायचे. या बाई मात्र उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या होत्या. मी पार फाटकाबाहेर जाईपर्यंत.

त्या वर्षी पौष लागला तेव्हा पाकिस्तानशी लढाई होऊन वर्ष उलटून गेलं होतं, तरी कित्येक घरांच्या खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच होते, कोपऱ्यांतून सुटत आलेले. साखर रेशनवर. आणि बाबांच्या साहेबांच्या घरी नवी सून आली होती. साहेबांच्या पत्नी सुमतीबाई. सगळ्या बायका त्यांना मान देत, त्याही सगळ्यांशी फार गोड बोलत. सुनेची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने हवेतच. जयपुरात मिठाईवाले घेवर करतील, फिणी करतील, पण तिळाच्या एका दाण्यावर साखरेचा काटा फुलवणं हे त्यांचं काम नव्हे. ते फक्त काकूंना येत होतं. सुमतीबाईंनी साखर पाठवली आणि काकूंनी हो म्हटलं.

मग काकू आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या की तुमची मुलगी सकाळी थोडा वेळ मला द्या. आई संकोचली. तिला स्वयंपाकातलं काही येत नाही, असं म्हणू लागली. काकूंचं उत्तर मला आतल्या खोलीत ऐकू आलं. हलव्यापाशी न बोलणारं माणूस लागतं, बाकीच्या बायका बोलतात आणि थुंकी उडते.

अशी मी त्यांच्या मागच्या पडवीत जाऊन बसू लागले. उजाडत असायचं. शेगडीत निखारे अर्धेअधिक राखेने झाकलेले. त्यावर परात, परातीत भाजलेले तीळ. शेजारी मलमलच्या फडक्यातून गाळलेला पाक. एक चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, तो पाक दाण्यांवर सुकून पांढरा होईपर्यंत. मग पुन्हा एक चमचा. जास्त घातला तर गोळे होतात. आच वाढली तर तीळ लाल पडतात. थंडी हवी पण वारा नको. बोटं भाजतात, पाठ गारठते. पहिल्या दिवशी दाणे नुसते मळकट दिसतात. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत, मोत्यासारखे, आणि मला वाटलं झालं. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "गोड झालाय. गोड कोणीही करतं."

काटा त्यानंतर आला. कधी आला ते मला दिसलं नाही. बोटांना आधी कळलं.

त्या पडवीत काकू माझ्याशी बोलत राहायच्या, आणि मी उत्तर देईपर्यंत पुढचा चमचा पाक घालायच्या नाहीत. शेगडी तर विझत चाललेली. शेवटी मला बोलावंच लागे. माझ्या मराठीत दर चार शब्दांनी 'मतलब' यायचा. त्या म्हणायच्या, इतकी मतलबी मुलगी मी पाहिली नाही. मी चुकीचा शब्द वापरला तर त्या दुरुस्त करत नसत, माझाच शब्द उचलून दिवसभर वापरत. 'पाक जमून गेला' असं मी म्हणाले, तर नानाकाकांना सांगितलं गेलं की आज आमचा पाक जमून गेला, तुम्हीही आंघोळ करून जा. मी हसले. आणि लक्षात आलं की मी माझ्याच बोलण्याला हसते आहे आणि दुखत नाही.

मी गप्प बसणारी, म्हणून मला पाहायची सवय. त्या पडवीत बसून मी काकूंचं बोलणं न्याहाळत असे, जसं कोणी पक्षी न्याहाळतं. हळूहळू काही गोष्टी ध्यानात आल्या. भांडी घासायला येणाऱ्या कमलीला त्या कधी लावून बोलल्या नाहीत. भाजीवाल्याला नाही, सायकलरिक्षावाल्याला नाही, लहान मुलाला नाही. जो उलटून बोलू शकत नाही त्याला त्यांच्या तोंडून साधं, मऊ बोलणं मिळे. त्यांची जीभ नेहमी वरच्या माणसाकडे नाहीतर बरोबरीच्या माणसाकडे वळे. मला त्या बोलत, याचा अर्थ मी बरोबरीची होते. हे समजलं त्या सकाळी मला थंडी वाजली नाही.

दुसरं असं, की माणूस समोर नसताना त्या त्याच्याबद्दल काही बोलत नसत. फार तर चांगलं बोलत. पाणचट चहावाल्या बाई रात्रंदिवस सासऱ्यांची सेवा करतात हे मला काकूंकडूनच कळलं. आमच्या घोळक्यात उलटी रीत होती. तोंडावर साखर, आणि पाठ वळली की खरं. मी ट्रे घेऊन आतबाहेर करणारी मुलगी, बोलत नाही म्हणून ऐकतही नाही असं धरलेली. त्यामुळे दोन्ही मी ऐकत असे.

सुमतीबाईंवर मला अन्याय करायचा नाही. आईला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून रोज पेज आली, डब्यावर शाल गुंडाळून. गोड बोलणं हे त्यांचं कपट नव्हतं, ती सवय होती. फक्त त्या गोडीत त्या काय काय बुडवून देतात याचा त्यांना पत्ता नसे.

त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला कुसुमवहिनी चौरंगावर बसल्या होत्या. काळी चंद्रकळा, त्यावर आम्ही ओवलेला हार, बाजूबंद, बांगड्या, कपाळावर बिंदी. दिव्याच्या उजेडात हलव्याचा प्रत्येक काटा चमकत होता. वहिनी खानदेशातल्या एका लहान गावच्या, शिक्षकाची मुलगी. त्या इतक्या ताठ बसल्या होत्या की श्वास घेतला तर दागिना मोडेल. सगळ्या बायका वाहवा करत होत्या. सुमतीबाईंनी सुनेच्या हनुवटीला हात लावला आणि अगदी लाडाने म्हणाल्या की आमची कुसुम भारी साधी हो, माहेरहून काही घेऊनच आली नाही बिचारी. सोन्याने नाही तर साखरेने तरी मढवू म्हटलं.

बायका हसल्या. त्यात माझी आईही हसली, कारण न हसणं जमण्यासारखं नव्हतं. कुसुमवहिनींची मान खाली गेली. मी अगदी जवळ होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं असतं तर खालच्या हारावर पडलं असतं, आणि हलवा पाण्याने विरघळतो.

काकूंनी हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सुमतीबाई, इतकं गोड नका बोलू. मुंग्या लागतील पोरीला."

आवाज मुळीच चढा नव्हता. आणि चौरंगावरून एक लहानसं, उचकीसारखं हसू आलं. कुसुमवहिनी हसल्या होत्या. दागिना मोडला नाही.

मला अजून वाटतं, काकूंचं वाक्य एकवेळ विसरलं गेलं असतं. ते हसू विसरलं गेलं नाही.

त्यानंतर रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवं झाली आणि एकाही घरून काकूंना बोलावणं आलं नाही. कोणी भांडलं नाही. सुमतीबाई एवढंच म्हणाल्या होत्या म्हणे, की तिळगूळ घेऊनही ज्यांना गोड बोलता येत नाही त्यांना कशाला त्रास द्यायचा. तेवढं पुरलं. संध्याकाळी बायका नटून आमच्या गल्लीतून जात, काकू अंगणात तुळशीला पाणी घालत असत आणि जाणाऱ्यांची नजर पतंगांकडे लागे.

आमचं हळदीकुंकू सगळ्यांत शेवटी होतं. आणि बाबांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. बाबांनी आणखी एक वर्ष जयपुरात राहू द्यावं अशी विनंती केली होती, माझी बी.ए.ची परीक्षा होईपर्यंत. बदली झाली असती तर त्या गावी मुलींचं कॉलेज असेल-नसेल. दोन चुलतबहिणींची कॉलेजं अशीच अर्ध्यावर सुटली होती. मी घरात कोणाला काही म्हटलं नव्हतं, पण मला ती पदवी हवी होती. दुसरं काहीच मला इतक्या स्पष्टपणे हवं नव्हतं.

बोलावणं करायला घरातल्या मुलीने जायचं असतं. करंडा घ्यायचा, प्रत्येक घरी कुंकू लावायचं आणि सांगायचं, उद्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, जरूर या. या एका वाक्याची मला दरवर्षी इतकी धास्ती असे की मी ते आदल्या दिवसापासून घोकत असे. आईने घरांची नावं सांगितली. काकूंचं नाव घेतलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिने करंड्याचं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाली, "उन्हं आहेत तोवर जाऊन ये."

मी सगळी घरं फिरले. सुमतीबाईंनी माझा गालगुच्चा घेतला. परत येताना आमच्या फाटकाच्या अलीकडे काकूंचं फाटक लागतं. ते ओलांडून जायला काहीच लागलं नसतं. पण तेवढी चार पावलांची जागा मला त्या क्षणी ओलांडवेना. मी आत गेले.

काकू पडवीत परात घासत होत्या. मी करंडा पुढे केला. त्यांनी कपाळ पुढे केलं नाही.

"आईनं पाठवलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पण कुंकू उरलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. मी त्यांना तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं, परातीवर ओणव्या होऊन, राखेचा हात हवेत धरून. हसणं थांबल्यावर कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की अर्जाचं त्यांना ठाऊक आहे, नानांनी सांगितलं. बोलले मी, आणि किंमत तू काहून द्यायची? मी म्हणाले, मतलब, तुम्ही याच. त्या म्हणाल्या, बघू.

त्या आल्या. आईने त्यांना दारात पाहिलं आणि तिचा चेहरा आधी पडला आणि मग, मला सांगता येत नाही कसा, हलका झाला. ती स्वतः पुढे गेली आणि हात धरून त्यांना आत घेऊन आली. काकूंनी तिळगुळाची एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि भिंतीशी बसल्या. मग दुसरी. ती संपायच्या आत आणखी एक. त्या चावत नव्हत्या. त्यांनी वडी गालात धरून ठेवली होती. कोणी काही विचारलं की त्या गालाकडे बोट दाखवत. मी वाण वाटत होते आणि माझ्या लक्षात येत गेलं की त्या काय करत आहेत.

मला ते पाहवेना. पतंगाचा दोर गुंडाळून कोणी त्याला खुंटीला टांगावं तसं ते दिसत होतं. बायका सैलावल्या. सुमतीबाई प्रसन्न होत्या. त्या म्हणाल्या, "आज आमच्या काकू अगदी गप्प बरं. तिळगूळ लागू पडला वाटतं." हशा झाला. काकूंनी गालाकडे बोट दाखवलं. सुमतीबाई मग माझ्याकडे वळल्या, आणि तितक्याच मायेने म्हणाल्या की ही आमची दुसरी गप्प बाहुली, इंग्रजी शाळेने हिचं मराठी तोंडच शिवून टाकलंय.

माझ्या हातात वाणाचं तबक होतं. ते मी खाली ठेवलं. मला माझा आवाज कानांत ऐकू आला, आणि तो घोकलेला नव्हता.

"काकू गप्प नाहीत," मी म्हणाले. "त्या माझं कॉलेज तोंडात धरून बसल्यात."

पुढचं आधी सांगून टाकते. बाबांची बदली झाली, त्याच उन्हाळ्यात, बिकानेरला. माझ्या वाक्यामुळे झाली की व्हायचीच होती हे मला ठाऊक नाही, बाबा म्हणतात व्हायचीच होती. आई सामान बांधताना माझ्याकडे पाहत नव्हती. तेव्हा काकू आल्या आणि खोक्यांमधून वाट काढत म्हणाल्या की मुलगी इथे राहील. आमच्या घरी एक खोली रिकामी आहे आणि यांची वाक्यं पुरी होईपर्यंत ऐकायला मला एकटीला होत नाही. मी शेवटचं वर्ष त्यांच्याकडे राहून परीक्षा दिली. त्या वर्षात त्यांनी मला सकाळ-संध्याकाळ बोल लावले. परीक्षेच्या दिवसांत एकदाही नाही. त्या दिवसांत त्या मला नुसतं 'बाळ' म्हणत. ते ऐकून मी जास्त घाबरत असे.

गेल्या उन्हाळ्यात नानाकाका निवृत्त झाले आणि ते दोघं वर्ध्याला गेले. बाबा परत बदलून इथे आले आहेत. मी मुलींना इंग्रजी शिकवते. वर्गात एखादी अजिबात न बोलणारी मुलगी असते. तिला मी काहीतरी टोचेलसं विचारते आणि उत्तराची वाट पाहत तिच्या बाकापाशी उभी राहते. माझ्या पाठीमागे माझ्यासाठी कोणता शब्द वापरतात ते मला माहीत आहे. तो मराठी नाही, पण अर्थ तोच.

काकू जाताना परात मला देऊन गेल्या. आज सकाळी मी ती उन्हात पुसून ठेवली. तीळ भाजून झाले आहेत. उद्या पहाटे निखारे करायचे. कुसुमवहिनींचा मुलगा वर्षाचा आहे, दागिने घातल्याबरोबर तो ते चाटणार आणि काट्याने त्याची जीभ थोडी खरखरणार. खरखरू दे.

आणि त्या संध्याकाळी, मी ते वाक्य बोलले त्यानंतर, गच्चीवर कोणाचा तरी पतंग फडफडत उतरला तो आमच्या बैठकीत ऐकू आला. आईने हळदीकुंकवाची कोयरी घट्ट धरली होती. कुसुमवहिनी ओठ आत दाबून खाली पाहत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सुमतीबाईंच्या गोऱ्या चेहऱ्यावर हळूहळू लाली चढली. मग, पहिल्यांदाच गोड नसलेल्या आवाजात, त्या आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी खवचट झाली हो."

काकूंनी गालातली वडी चावली. सावकाश गिळली. पदराने ओठ टिपले. आणि माझ्याकडे, परातीतल्या दुसऱ्या दिवसाच्या हलव्याकडे पाहावं तसं, बारकाईने पाहत म्हणाल्या, "कुठली हो. कच्ची आहे अजून. काटा यायला वेळ लागतो."